कचेरीची वाट

मराठी बखरींत ‘मोर्चा’ हा शब्द वारंवार येतो. गडाला वेढा पडला, मोर्चे लागले, मोर्चांतून तोफा सुटल्या, असें वर्णन वाचतांना मातीचे बुरूज, दारूचा धूर आणि शस्त्रें सरसावलेले शिपाई डोळ्यांपुढें उभे राहतात. त्या काळीं मोर्चा म्हणजे तोफ डागण्याची आडोशाची जागा. विसाव्या शतकांत या शब्दानें आपला अर्थ पार पालटला. आज मोर्चा म्हटला कीं ज्यांच्या हातीं फार तर एक झेंडा आणि एक अर्ज आहे, अशा माणसांची रांग डोळ्यांपुढें येते. तोफेचा आडोसा गेला आणि उघडी छाती आली. शब्दांचे अर्थ फुकट बदलत नाहींत. कोणाला तरी त्याची किंमत द्यावी लागते. या शब्दाची किंमत ज्यांनीं दिली त्यांत साताऱ्याच्या मुलखांतील एका आठवड्यांत पडलेलीं अकरा माणसें आहेत. नऊ वडुजास पडलीं व दोन इस्लामपुरास. आणि या दोन्ही गोष्टी १९४२ च्या सप्टेंबरांत, ९ व १० या लागोपाठच्या तारखांस घडल्या.

या विषयाकडे आम्ही वळलों तें एका परक्या चित्रपटामुळें, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे. उत्तर आयर्लंडांतील डेरी या शहरीं ३० जानेवारी १९७२ रोजीं नागरी हक्कांसाठीं मोर्चा निघाला. चौकशीवांचून माणसांना तुरुंगांत डांबण्याच्या सरकारी धोरणाचा निषेध, हा त्याचा हेतु. त्यावर ब्रिटिश सैन्याच्या छत्रीधारी पलटणीनें गोळ्या झाडल्या. तेरा माणसें त्याच दिवशीं मेलीं व चौदावा कांहीं महिन्यांनीं गेला. पॉल ग्रीनग्रास या दिग्दर्शकानें २००२ सालीं ‘ब्लडी संडे’ या नांवानें ही कथा पडद्यावर आणली. चित्रपटाच्या आरंभीं दोन खोल्या आळीपाळीनें दिसतात. एकींत आयव्हन कूपर हा लोकप्रतिनिधि, मोर्चा निघणार, असें पत्रकारांस सांगत आहे; दुसरींत सेनाधिकारी, मोर्चास बंदी आहे, असें बजावीत आहे. दोन्ही बाजूंचें बोलणें शांत आहे. दोन्ही बाजू आपापल्या परीनें सभ्य आहेत. आणि तरीही त्या दोन खोल्यांच्या मधल्या रस्त्यावर संध्याकाळपर्यंत प्रेतें पडणार, हें प्रेक्षकास ठाऊक असतें. चित्रपटाच्या शेवटीं कूपर पुन्हां पत्रकारांपुढें येतो. सकाळीं ज्या मार्गानें तो लोकांना घेऊन निघाला होता, तो मार्गच त्याच्या हातून निसटलेला असतो.

चित्रपट तेथें संपतो, आणि त्याला तेथेंच संपावें लागतें. परंतु पडदा पांढरा झाल्यावर आमच्या मनांत जो प्रश्न उरला तो डेरीचा नव्हता. आमच्या येरळेकांठीं आणि कृष्णाकांठींही असेच मोर्चे निघाले, असाच गोळीबार झाला. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या लोकांनीं काय केलें? गोळीबार हा या इतिहासाचा शेवट होता कीं आरंभ? या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वीं मूळ हकीकत पाहिली पाहिजे.

त्या वेळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षां मोठा होता. वडूज, कराड व पाटण यांच्याबरोबर तासगांव आणि वाळवें हे तालुकेही त्यांतच मोडत. १९४९ सालीं त्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले, आणि दक्षिण साताऱ्यास १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. सांगली शहर मात्र त्या काळीं पटवर्धनांच्या संस्थानची राजधानी होतें. ब्रिटिश मुलूख आणि लहानमोठीं संस्थानें यांच्या सीमा या भागांत गोधडीच्या ठिगळांप्रमाणें एकमेकींत शिरलेल्या होत्या. एका गांवाचा शिवार ओलांडला कीं राज्य बदले. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

सरकार या शब्दाचा अर्थ खेड्यांतल्या माणसाला मुंबईस किंवा दिल्लीस शोधावा लागत नसे. त्याचें सरकार तालुक्याच्या गांवीं, दगडी भिंतीच्या आवारांत बसलेलें असे. तिजोरी, कच्ची कैद, पोलिसांचें ठाणें आणि जमिनीचीं दप्तरें हीं सर्व बहुधा त्या एकाच आवारांत. मामलेदार सारावसुलीचा अधिकारी होता आणि मॅजिस्ट्रेटही होता. म्हणजे ज्याच्याकडे पैसे भरावयाचे त्याच्याचपुढें फिर्यादही न्यावयाची. दुष्काळी खटावांतला शेतकरी तेथें जाई तो तगाईसाठीं, साऱ्याच्या सुटीसाठीं, वारसाची नोंद करण्यासाठीं. चढावें बाहेर काढून, मुंडासें सावरून, कारकुनाची मान वर होईपर्यंत तो उभा राही. कचेरीची वाट ही मान खालीं घालून चालण्याची वाट होती. सत्यशोधक जलशांनीं या मुलखांत भटशाही व सावकारशाही यांच्यावर हंसावयास लोकांना शिकविलें होतें. १९३० च्या बिळाशीच्या जंगल सत्याग्रहानें सरकारी कायदा मोडतां येतो हें दाखविलें होतें. पण कचेरीचा दरारा अद्याप शिल्लक होता.

१९४२ च्या ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्याच दिवशीं पहांटे पुढारी पकडले गेले. वरचे पुढारी गेल्यावर काय करावयाचें हें तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनाच ठरवावें लागलें. त्यांनीं जो बेत आंखला त्याचें साधेपण आजही मनाला भिडतें. गांवोगांवच्या लोकांनीं एकत्र होऊन तालुक्याच्या कचेरीवर जावें; तेथें तिरंगा लावावा; तुमचें राज्य आम्हांस मान्य नाहीं, असें अधिकाऱ्यांस तोंडावर सांगावें; आणि शांतपणें परत यावें. ज्या वाटेनें आजवर मान खालीं घालून गेलों त्याच वाटेनें मान वर करून जावयाचें, एवढाच या कार्यक्रमाचा अर्थ. या आंखणींत यशवंतराव चव्हाण हे तरुण कार्यकर्ते पुढें होते. १९६० सालीं महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले तेच हे.

पहिला मोर्चा कराडास २४ ऑगस्टला निघाला. बाळकृष्ण पाटील उंडाळकर हे त्याचे पुढारी. त्यांना अटक झाली आणि मोर्चा शांततेनें पार पडला. पाटणचा मोर्चाही असाच गेला. ३ सप्टेंबरला तासगांवास जें घडलें तें तर या सर्व प्रकरणांतील विलक्षण दृश्य म्हणावें लागेल. कचेरीवर तिरंगा चढला, आणि मामलेदारानें डोक्यावर गांधी टोपी घालून त्या झेंड्यास वंदन केलें. क्षणभर का होईना, सरकार आणि लोक एकाच बाजूस उभे राहिले. त्या दिवशीं तासगांवाहून आपापल्या गांवीं परतणाऱ्या माणसांना काय वाटलें असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. रक्ताचा थेंब न सांडतां राज्य बदलतें, असें त्यांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलें होतें.

सहाच दिवसांनीं वडुजाची पाळी आली.

या मोर्चाचे पुढारी परशुराम श्रीपती घार्गे हे वडगांव जयराम स्वामी या गांवचे. रामदास पंचायतनांतील जयराम स्वामींच्या मठामुळें हें गांव तीन शतकांपासून प्रसिद्ध आहे. ज्या गांवच्या मठांत पिढ्यान् पिढ्या कीर्तनें झालीं, त्या गांवचा हा शेतकरी हातीं झेंडा घेऊन तालुक्याच्या कचेरीकडे निघाला. आजूबाजूच्या गांवांहून लोक आले होते. त्यांच्यांत कोणी सराईत राजकारणी नव्हते. ज्यांची नांवें कचेरीच्या दप्तरांत केवळ खातेदार म्हणून असावयाचीं, तीं हीं माणसें. पोलिसांनीं त्यांना कचेरीशीं अडविलें. मोर्चा मागें फिरला नाहीं. गोळ्या सुटल्या. झेंडा घेऊन अग्रभागीं असलेले घार्गे कोसळले. त्यांच्यासह नऊ जणांचे प्राण गेले, आणि पुष्कळ जखमी झाले. तासगांवास मामलेदाराच्या डोक्यावर जी टोपी चढली होती, तशाच टोप्या येथें रक्तांत पडल्या.

हा मुलूख बंदुकीला अनोळखी होता असें नाहीं. सातारा जिल्हा हा सैन्यभरतीचा जुना जिल्हा. अपशिंग्यासारखें गांव पहिल्या महायुद्धापासून ‘मिलिटरी’ म्हणूनच ओळखलें जातें. त्या १९४२ सालीं जिल्ह्यांतले कित्येक जवान ब्रिटिशांच्याच निशाणाखालीं परमुलखांत लढत होते. बंदूक काय करते हें या लोकांना नीट ठाऊक होतें. तेव्हां ते पुढें गेले ते अजाणतेपणानें गेले, असें म्हणण्याची सोय नाहीं. मुलगा सरकारसाठीं लढतो आहे आणि बाप सरकारच्या गोळीपुढें उभा आहे, असें घर या जिल्ह्यांत अशक्य नव्हतें.

वडुजाची बातमी दुसऱ्या दिवशीं इस्लामपुराकडे निघालेल्या सर्वांच्या कानीं पडली होती किंवा कसें, यावर तर्क लढविण्यांत अर्थ नाहीं. १० सप्टेंबरला वाळव्याच्या खेड्यांतून लोक इस्लामपुरास आले आणि तेथेंही गोळीबार झाला. त्यांत दोघे पडले. एक कामेरीचे विष्णु भाऊ बारपटे. दुसरे उमाशंकर पंड्या, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांतले अभियंते. बारपटे हें नांव या मातींतलें; पंड्या हें नांव कृष्णाकांठचें नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं निवडुंगाच्या माळावर जें कारखान्याचें गांव वसविलें, त्यानें दुरून दुरून शिकलेलीं माणसें या खेड्यांच्या शेजारीं आणून ठेविलीं होतीं. यंत्रांचीं चित्रें काढणारा अभियंता आणि शेत कसणारा गडी एकाच रस्त्यावर एकाच दिवशीं पडले. या चळवळीला केवळ शेतकऱ्यांचें बंड म्हणणाऱ्यांनीं, तशीच केवळ सुशिक्षितांची हौस म्हणणाऱ्यांनींही, हीं दोन नांवें शेजारीं शेजारीं वाचावीं.

आतां तासगांव आणि वडूज यांच्यांत फरक कशाचा? लोक त्याच जातीचे, त्याच पोशाखाचे, त्याच घोषणा देणारे. झेंडा तोच, मागणी तीच. अंतर सहा दिवसांचें. एके ठिकाणीं अधिकाऱ्यानें टोपी घातली, दुसऱ्या ठिकाणीं गोळ्या सुटल्या. १८९८ च्या फौजदारी संहितेच्या १२७ व्या कलमानें मॅजिस्ट्रेटला किंवा ठाण्याच्या अंमलदाराला जमाव पांगविण्याचा हुकूम देण्याचा अधिकार होता. जमाव न पांगल्यास पुढच्या कलमानें बळाचा वापर करतां येई. जमाव कधीं धोक्याचा समजावा, हुकूम आणि बळ यांच्यांत किती वेळ द्यावा, किती बळ पुरेसें, हें त्या दाराशीं उभ्या असलेल्या एका माणसाच्या काळजावर सोपविलेलें होतें. तें काळीज तासगांवास एका रीतीनें चाललें, वडुजास दुसऱ्या. आमच्या मतें वडुजाच्या गोळीबाराचा खरा दोष एखाद्या अधिकाऱ्याच्या क्रौर्यांत शोधूं नये. ज्या राज्यांत हजारों माणसांचें जगणें-मरणें एका माणसाच्या धीरावर किंवा भयावर अवलंबून असतें, तें राज्यच दोषी होय. तासगांवचा मामलेदार चांगला निघाला, याचें श्रेय त्याला द्यावें. त्या राज्याला देतां येत नाहीं.

हाच प्रकार इतरत्रही दिसतो. इंग्लंडांत मँचेस्टर येथें १६ ऑगस्ट १८१९ रोजीं मताचा हक्क मागण्यासाठीं सुमारें साठ हजार माणसें सेंट पीटरच्या मैदानावर जमलीं होतीं. ज्या न्यायाधीशांनीं घोडेस्वार सोडण्याचा हुकूम दिला ते शेजारच्या एका घराच्या खिडकींतून पाहत होते. त्यांना त्या गर्दीचें भय वाटलें. मुलें घेऊन, सणाचे कपडे घालून आलेल्या त्या लोकांत बंडखोर फौज दिसावी, असें तें भय होतें. सुमारें अठरा माणसें मेलीं व शेंकडों घायाळ झालीं. माइक ली या दिग्दर्शकानें २०१८ सालीं यावर ‘पीटरलू’ हा चित्रपट काढला. स्वतःच्या देशबांधवांवर चाललेल्या तरवारीची गोष्ट इंग्रजांनीं मोठ्या पडद्यावर सांगण्यास दोनशें वर्षें लागलीं. डेरीच्या गोळीबाराची पहिली सरकारी चौकशी त्याच सालीं झाली आणि तिनें सैन्यास बव्हंशीं निर्दोष ठरविलें. मेलेलीं माणसें निरपराध होतीं हें सरकारनें मान्य केलें तें २०१० सालीं, दुसऱ्या चौकशीचा अहवाल आल्यावर. सत्तेला स्वतःची चूक दिसण्यास फार काळ लागतो. मेलेल्यांच्या घरच्या माणसांना तेवढा काळ नसतो.

येथें एक आक्षेप रास्त आहे. डेरी व मँचेस्टर येथील लोक राज्याकडे हक्क मागत होते. वडूजचे लोक तर तें राज्यच नको म्हणत होते. मग या दोन्ही मोर्चांना एका मापानें कसें मोजावें? आक्षेपांत तथ्य आहे, पण तें वरवरचें. वडुजास जो पहिला हक्क नाकारला गेला तो स्वराज्याचा नव्हे. आपल्याच तालुक्याच्या कचेरीपर्यंत आपल्या पायांनीं, शस्त्रावांचून चालत जाऊन आपलें म्हणणें सांगण्याचा तो हक्क होता. स्वराज्य त्याच्या पुढची पायरी. ज्या राज्याला आपल्या प्रजेचें नुसतें चालत येणें सहन होत नाहीं, त्या राज्याशीं पुढचें बोलणें व्हावयाचें कोठें?

आणि साताऱ्याच्या लोकांनीं यांतून जो बोध घेतला तो पाहण्यासारखा आहे. त्यानंतर कचेरीवर असे मोर्चे काढण्याचा क्रम थांबला. वरवर पाहणारास वाटावें कीं भीतीनें लोक गप्प बसले. पण जें घडलें तें निराळेंच. कचेरीची वाट बंद झाली म्हणून लोकांनीं कचेरीकडे पाठ फिरविली आणि आपली कचेरी गांवांत मांडली. १९४३ पासून १९४६ पर्यंत या मुलखांत जें प्रतिसरकार चाललें त्याचें बीज आम्हांस वडूज-इस्लामपूरच्या रस्त्यांवर दिसतें.

या प्रतिसरकारचे धुरीण क्रांतिसिंह नाना पाटील. ते येडेमच्छिंद्रचे, जन्म १९०० सालचा. आरंभीं ते सरकारी तलाठी होते, म्हणजे कचेरीच्याच साखळींतली शेवटची कडी, आणि १९३० च्या सुमारास ती नोकरी सोडून ते चळवळींत आले. जमिनीचें दप्तर कसें चालतें आणि त्यांत माणूस कसा नाडला जातो, हें त्यांना आंतून ठाऊक होतें. त्यांच्या मागें किसन वीर, नागनाथ नायकवडी, जी. डी. लाड यांच्यासारखे तरुण उभे राहिले. गांवोगांव न्यायदान मंडळें निघालीं. सावकारीचे, बांधांचे, भाऊबंदकीचे तंटे तेथें मिटूं लागले. दारूबंदी, ग्रंथालयें, थोडक्या खर्चाचीं ‘गांधी लग्नें’ हा त्यांचा दुसरा संसार. तुफान सेना हें त्यांचें दल. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेंतून जाणारा सरकारी पैसा त्यांनीं हस्तगत केला. १४ एप्रिल १९४४ ला खानदेशांत सरकारी खजिना लुटला. निःशस्त्र मोर्चापासून हा किती दूरचा पल्ला! पण ज्या कचेरीवर एकदां अर्ज घेऊन जाण्याचा बेत होता तिच्याच तिजोरीवर पुढें हात पडला, यांतील सुसंगति नाकारतां येत नाहीं.

हें प्रतिसरकार आकाशांतून पडलें नाहीं. त्याचें केंद्र असलेलें कुंडल औंध संस्थानांत मोडत होतें. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ सालीं महात्मा गांधींच्या सल्ल्यानें आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती. त्या छोट्या राज्यांत गांवपंचायतींच्या हातीं खरा कारभार गेला होता. म्हणजे एका शिवाराच्या अलीकडे पंचायत न्याय देत होती, आणि पलीकडे कचेरीच्या दारांत गोळ्या सुटत होत्या. आम्ही आरंभीं सीमांच्या ठिगळांची गोष्ट सांगितली ती याकरितां. आपला कारभार आपण करतां येतो, हें साताऱ्याच्या शेतकऱ्यास पुस्तकांत वाचावें लागलें नाहीं. तें त्यानें शेजारच्या गांवीं पाहिलें होतें.

तथापि प्रतिसरकारचें चित्र केवळ उजळ रंगांनीं रंगविणें हा त्या नऊ जणांवर अन्यायच होईल. खबऱ्यांना, दरोडेखोरांना व गुंडांना तळपायांवर मार देण्याची शिक्षा या सरकारनें दिली, आणि त्यावरून लोकांच्या तोंडीं ‘प्रति’चें ‘पत्री’ झालें. ज्या सरकारचा न्यायाधीश आणि शिपाई दोघेही भूमिगत असतात, त्याच्या न्यायावर अपील नसतें. तेथेंही पुन्हां एका माणसाच्या काळजावरच सारें अवलंबून राहतें, आणि वडूजच्या कचेरीचा जो दोष आम्ही वर दाखविला, त्याची सावली येथेंही पडते. मोर्चावर गोळी झाडणारें राज्य केवळ मोर्चांतलीं माणसें मारीत नाहीं. पुढें ज्यांनीं न्याय करावयाचा त्यांच्या हातांतलें सौम्य साधनही तें काढून घेतें. डेरींत हेंच झालें. तेथील नागरी हक्कांची चळवळ मागें पडली आणि तरुण बंदूक हातीं घेऊन सैन्याच्या विरोधांत गेले. पुढें पाव शतक तें रक्त वाहत राहिलें. साताऱ्यांत तें तितकें वाहिलें नाहीं. त्याचीं कारणें पुष्कळ असतील. स्वराज्य लवकर आलें, हेंही एक. पण आमच्या मतें मुख्य कारण हें कीं साताऱ्याच्या लोकांनीं शस्त्राबरोबर न्यायदान मंडळही उभें केलें. हातांत बंदूक घेतली तरी मनांत कचेरी होती.

सांगलीनेंही या कथेंत आपला वांटा उचलला. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती सांगलीचा तुरुंग फोडून दिवसाढवळ्या बाहेर पडले. पाठलागांत अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव हे गोळ्यांनीं मेले. वसंतदादांना गोळी लागून ते पकडले गेले. ज्यांना एका राज्यानें गोळी घातली त्यांना पुढच्या राज्यांत मुख्यमंत्रिपद मिळालें. इतिहासांत अशा उलथापालथी होतात. त्यांत गोळी लागून मेलेल्यांना मात्र कांहीं मिळत नाहीं.

याच मुलखानें हिंदी चित्रपटाला यापूर्वींच एक थोर कथा दिलेली आहे. औंध संस्थानांत आटपाडीजवळ १९३९ सालीं स्वतंत्रपूर हें खुलें कारागृह निघालें. तेथें गुन्हेगारांना बेड्या न घालतां शेतीवर ठेवीत. त्या प्रयोगावरून शांताराम बापूंनीं ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. पटकथा त्याच भागांतल्या ग. दि. माडगूळकरांची. १९५७ सालीं तो प्रकाशित झाला आणि पुढल्या वर्षीं बर्लिनच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. त्याच बर्लिनांत २००२ सालीं डेरीवरच्या चित्रपटालाही मान मिळाला. एकींत तुरुंगाचा अधिकारी दार उघडतो. दुसऱ्यांत राज्य रस्ता बंद करतें. दोन्ही चित्रपट एकाच प्रश्नाचे आहेत: अधिकाराला माणसावर भरंवसा ठेवतां येतो कीं नाहीं? स्वतंत्रपूरच्या तुरुंगाधिकाऱ्यानें खुनी माणसांवर जो भरंवसा ठेविला, तो वडुजास शेतकऱ्यांवर ठेवतां आला नाहीं.

वडूज-इस्लामपुरावर कोणी चित्रपट काढील तर त्यानें गोळीबाराचें दृश्य जरूर दाखवावें; पण गोळीबार हाच कळस करूं नये, एवढें आमचें मागणें आहे. पडद्यावर रक्त लवकर दिसतें आणि लवकर विसरतेंही. त्यानें तासगांवचा तो मामलेदार दाखवावा, टोपी घालतांना त्याचे हात थरथरले असतील तर तेही दाखवावे. वडूजहून रात्रीं बैलगाडींतून गांवीं परतणारे लोक दाखवावे, आणि त्यानंतर वर्षानें एखाद्या देवळाच्या ओसरीवर दोन भावांच्या बांधाचा तंटा मिटवीत बसलेलीं पांच माणसें दाखवावीं. मोर्चा कोठें पोंचला, याचें उत्तर त्या ओसरीवर मिळतें.

१९४६ सालीं प्रांतांत लोकांचें मंत्रिमंडळ आलें, भूमिगत लोक उघड्यावर आले, आणि पुढल्या वर्षीं कचेऱ्यांवर तोच तिरंगा सरकारी इतमामानें चढला. ज्या झेंड्यासाठीं घार्गे मेले तो रोज सकाळीं शिपाई दोरीनें वर ओढूं लागला. फौजदारी संहिता १९७३ सालीं नवी झाली, २०२३ सालीं पुन्हां नवी झाली. परंतु जमाव पांगविण्याचा तो अधिकार त्या त्या संहितेंत आपलें स्थान राखून आहे, आणि कोणत्याही राज्याला तो पूर्णपणें टाकून देतां येईल असें नाहीं. म्हणूनच तो कोणाच्या हातीं आहे आणि तो हात कोणाला जाब देतो, हा प्रश्न स्वराज्यांतही मिटत नाहीं.

वडुजास हुतात्म्यांचें स्मारक आहे. तालुक्याच्या कचेरीवर आजही लोक येतात. कधीं पाण्यासाठीं, कधीं पिकाच्या भावासाठीं, कधीं दुष्काळ जाहीर व्हावा म्हणून. दाराशीं पोलीस असतात. चारपांच जण आंत जातात, तहसीलदारांच्या हातीं निवेदन देतात, त्याची पोंच घेतात आणि बाहेर थांबलेल्या लोकांना येऊन सांगतात. हा इतका साधा, इतका नित्याचा प्रकार झाला आहे कीं त्याकडे कोणी वळूनही पाहत नाहीं. त्या निवेदनाचें पुढें काय होतें, हा वेगळा आणि पुष्कळदां कडू विषय आहे. पण आंत जाऊन बोलून, जिवंत बाहेर येतां येतें, हें परशुराम घार्गे यांना मिळालें नव्हतें. तें ज्यांना मिळालें आहे, त्यांनीं पोंच घेऊन परततांना एकदां त्या स्मारकावरचीं नऊ नांवें सावकाश वाचावीं.